मानाची सुई

चैत्र निम्मा सरला की पुण्यात माझ्या भाचीच्या सोसायटीतली टाकी धुतात, आणि मग दोन दिवस नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास मारतो. बाकीची माणसं नाकं मुरडतात, सेक्रेटरीच्या नावानं खडे फोडतात. मी डावा दंड चोळायला लागते. भाची म्हणते, "मावशी, वास नाकाला येतोय, तू दंड काय चोळतेस?" आता हिला काय सांगायचं! सांगायला बसले तर हिचा कुकर करपेल.

तो वास आला की मला आधी दिसते ती उन्हाळ्यातली कृष्णा. दुष्काळ नुकताच सरला होता, पण नदीला ते कळलं नसावं. पात्रभर वाळू, आणि पलीकडच्या दरडीला चिकटून पाण्याची एक ओढगस्तीची रेघ. आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या मधोमध. नगरपालिका होती म्हणून त्याला शहर म्हणायचं, एवढंच. त्या नगरपालिकेकडे एक कौलारू इमारत होती, मी कधीच उडताना न पाहिलेलं एक कारंजं होतं आणि पाहावा तेव्हा दुरुस्तीला गेलेला एक ट्रॅक्टर होता. मी त्या गावात नवी सून म्हणून आले होते. नवरा पलटणीत, झाशीला. आमच्या आळीतले निम्मे नवरे पलटणीत होते, त्यामुळे आळीत राहायचे ते सासरे, सासवा आणि आम्ही सुना. म्हणजे हुकूम देणारे आणि ऐकणारे. मधलं कुणी नाहीच.

नळाला पाणी आलं तर आलं. म्हणून आम्ही बायका पहाटे नदीत उतरायचो आणि वाळूत हातभर खड्डा उकरायचो. त्यात पाणी पाझरायचं, ते करवंटीनं घागरीत भरायचं. त्याला आम्ही झरा म्हणायचो. माझा आणि शेजारच्या हौसाचा झरा एकच होता. हौसा आमच्या भावकीतली, माझ्याच वयाची, तिचाही नवरा पलटणीत. हसायला लागली की घागर खाली ठेवायची, कारण हसताना ती सांडायचीच. "तुज्या मामंजींनी रातच्याला खोकला काढला, तर आमचं मांजर उठून पलीकडच्या आळीला गेलं बग," असं म्हणायची. करवंटीनं करवंटीनं गार, गोड पाणी घागरीत पडायचं. त्या पाण्यासारखं गोड पाणी मी पुन्हा प्यायले नाही. आणि त्या पाण्यातच सगळं होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

आधी खालच्या आळीतला एक शिंपी गेला. सकाळी शिवणयंत्रावर होता, दिवेलागणीला नव्हता. मग त्याची बायको. मग देवळामागची एक म्हातारी. पटकी, म्हणजे कॉलरा, हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. "तसलंच झालं म्हणं," असं म्हणायचे आणि 'तसलंच' म्हणताना आवाज एवढा खाली यायचा की ओठांवरूनच कळावं. घरात तर एक नवाच खेळ सुरू झाला. कुणी तांब्या उचलून परसाकडे निघालं की सगळं घर गप्प. परत आलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विचारायच्या, "बरं हाय न्हवं?" पुन्हा उचलला तर, "आरं देवा, पुन्यांदा?" मी तर भीतीनं तांब्या पदराखाली लपवून न्यायला लागले. पोटात नुसतं गुडगुडलं तरी जीव घशाशी यायचा, आणि जीव घशाशी आला की पोटात आणखी गुडगुडायचं.

नगरपालिकेला जाग आली ती एकदम आणि सगळ्या बाजूंनी. मुख्याधिकारी साहेब नवे होते, नागपूरकडचे. तरुण, उंच, चालायचे असे की जणू पाठीमागून कुणी ढकलतंय. त्यांनी दवंडी पिटली. हलगीवाला चौकाचौकात ओरडत फिरला, "ऐका हो ऐका! नदीतलं झरं बंद! मंगळवारचा बाजार बंद! उसाचा रस, कापलेली कलिंगडं, बर्फाचं गोळं बंद! पानी उकळून प्यायचं! जत्रा बंद! समद्यांनी टोचून घ्यायचं हो!" 'जत्रा बंद' म्हणताना हलगीवाल्याचाच आवाज कापला असं लोक म्हणत.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या माणसांनी नदीतले सगळे झरे बुजवले आणि वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. विहिरींत पोत्यानं पावडर ओतली. आळीतल्या चहाला दवाखान्याची चव आली. शाळा ताब्यात घेऊन तिथं वॉर्ड केला. परीक्षा पुढं गेली म्हणून पोरांनी शाळेच्या कुंपणाबाहेर नाच केला आणि आयांच्या हातचा मार खाल्ला. हे सगळं साहेबांनी चार दिवसांत केलं. मी आज म्हणते, शाबास त्या माणसाची. पण एक चूक त्यांच्या हातून झाली, आणि ती अशी चूक होती की आमच्या मुलखाबाहेर तिला कुणी चूक म्हणणारच नाही.

लोक सुईला घाबरतील, तेव्हा जरा मंगल कार्य असल्यासारखं करावं, असं साहेबांना कुणीतरी सुचवलं. म्हणून त्यांनी चावडीपुढं मांडव घातला, टेबलाला हार घातला आणि पहिली सुई टोचण्याआधी एका वजनदार माणसाच्या हस्ते नारळ फोडायचा ठरवला. वजनदार माणूस म्हणून त्यांना सापडले आबा. खालच्या आळीचे आबा, गुळाचे व्यापारी. वजन खरंच भरपूर. आबांनी नारळ फोडला, सदऱ्याची बाही वर केली, पहिली सुई घेतली. टाळ्या वाजल्या.

आता आमची गोष्ट ऐका. आमच्या जत्रेत पालखीच्या आधी नारळ फुटतो. एका साली तो मान वरच्या आळीचा, एका साली खालच्या आळीचा. त्या साली तो वरच्या आळीचा होता, आणि वरच्या आळीचा मान म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मामंजी सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. त्यांच्या मिशीला पीळ होता, बोलण्याला पीळ होता, आणि नारळ फोडायच्या दगडावर ते वर्षभर डोळा ठेवून असत. जत्रा बंद झाल्याचं दुःख त्यांनी गिळलं होतं, सरकारी हुकूम म्हणून. पण जत्रा बंद आणि नारळ चालू? आणि तोही आबाच्या हातून?

"ह्या साली गावात नारळ फुटला," मामंजी ओट्यावर उभे राहून आळीला म्हणाले, "आन् आमाला इचारलं न्हाई. पयली सुई खालच्या आळीची. आता दुसऱ्या नंबरची सुई वरची आळी घ्यायची न्हाई."

झालं. खालची आळी रांग लावून टोचून घेत होती आणि वरच्या आळीतला एकही दंड उघडा होईना. आत्याबाई आतून म्हणाल्या, "आवं, तुमी पलटणीत इतक्या सुया घेतल्या, आन् आता काय?"

"त्या सरकारनं टोचल्या. तिथं कुनी नारळ फोडला न्हाई."



साहेब स्वतः आमच्या ओट्यावर आले. घामानं भिजलेले. "सुभेदार, काहून बसले हो घरी सगळे? लोक मरून राहिले!"

"साहेब, चहा घ्या," मामंजी म्हणाले. "उकळलेल्या पान्याचा हाय."

साहेबांना कुणीतरी हळूच नारळाचं सांगितलं. ते थक्क होऊन म्हणाले, "अहो, मग आणखी एक फोडू ना! दहा फोडू!" त्यावर आळीतली म्हातारी माणसं अशी हसली, जशी लहान पोराच्या बोबड्या बोलण्याला हसतात. नारळ काय, बाजारात पुष्कळ मिळतात. फुटलेला मान पुन्हा कसा फोडणार?

मी हे रंगवून सांगते तेव्हा पुण्याची माणसं पोट धरधरून हसतात. हसावं. पण तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून हे ऐकताना मी बोटांवर दिवस मोजत होते. हौसाचा आणि माझा झरा एक होता. झरे बुजवले त्याच्या आदल्या पहाटेपर्यंत आम्ही दोघी त्याच करवंटीनं पाणी पीत होतो. आणि त्या दिवशी सकाळपासून हौसा दिसली नव्हती.

दुपारी मी भिंतीवरून डोकावले. हौसा दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले. हाताची बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. मला बघून तिनं काहीतरी म्हटलं. ओठ हलले, आवाज आला नाही. हौसाच्या तोंडून आवाज न येणं, याच्याइतकं भयंकर मी तोवर काही पाहिलं नव्हतं. तिची सासू ऊर बडवत आळीत धावली, आणि आळीतली दारं एकामागून एक लागत गेली. अगदी हळू, आवाज न करता. वाईट माणसं नव्हती ती. एकेका घरात पाच पाच पोरं होती.

शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. पालिकेचा ट्रॅक्टर अर्थातच दुरुस्तीला होता. हौसाला बाजेवर घालून न्यायचं तर चार खांदे हवेत. ऊन असं की आळीतली कुत्रीसुद्धा ओट्याखाली गेलेली. मी माडीच्या खिडकीशी धावले आणि खाली मामंजींकडे पाहिलं. ते ओट्यावर उभे होते, काठी घट्ट धरून. आत्याबाई त्यांना काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदाच काही बोलल्या नसाव्यात.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी आबा दिसले. पालिकेनं निरोप पाठवला होता त्यांना. टोचलेली माणसं म्हणून खालच्या आळीची माणसं हवी होती. आणि आता मी जे सांगते ते मी माडीच्या खिडकीतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मामंजी असेपर्यंत कुणालाही सांगितलं नाही. आबांच्या बरोबर तिघं होते. म्हणजे सगळे मिळून चार. कोपऱ्यावर आबा थांबले, आमच्या ओट्याकडे पाहिलं, आणि त्या तिघांतल्या एकाला त्यांनी खांद्याला धरून मागं फिरवलं. तो गोंधळून बघत राहिला. आबांनी डोळे वटारले तसा तो निघून गेला.

तिघं आले. हौसाला बाजेवर घातलं, वर ओलं पांघरूण टाकलं. आबांनी पुढचा एक पाय धरला, दुसऱ्यानं पुढचा दुसरा, तिसऱ्यानं मागचा एक. मागचा चौथा पाय जमिनीवरच.

आबा वर न बघता मोठ्यानं म्हणाले, "मागचा कोन धरतंय रं?"

आमच्या पालखीचा पुढचा दांडा खालच्या आळीचा आणि मागचा वरच्या आळीचा. हे कुठं लिहिलेलं नाही, आणि कधी बदललेलं नाही. मागच्या दांड्याला वरची आळी लागल्याखेरीज पालखी देवळाच्या पायरीवरून हलत नाही. आळीतल्या पोरासोरांनाही हे ठाऊक. लागलेल्या दारांच्या फटींतून सगळी आळी बघत होती.

मामंजींनी काठी भिंतीला लावली. धोतराचा सोगा खोचला आणि ओट्यावरून उतरले. "गड्या, जरा दमानं उचला," एवढंच म्हणाले. बाज उठली. आबा पुढं, मामंजी मागं, आणि मध्ये ओल्या पांघरुणाखाली माझी मैत्रीण, जिच्या अंगाचं जणू वजनच उरलं नव्हतं. मी त्यांच्या मागं अनवाणी धावले. मला कुणी अडवलं नाही, कारण कुणाचं लक्षच नव्हतं.

शाळेच्या फाटकात साताऱ्याहून आलेली नर्सबाई उभी होती. स्टोव्हवर सुया उकळत होत्या. हौसाला आत नेलं आणि नर्सबाईंनी फाटक अडवलं. "बाजेला हात लावला त्यानं दंड पुढं करायचा. टोचल्याशिवाय बाहेर सोडणार नाही. सुभेदार असो नाहीतर जनरल असो."

आबा म्हणाले, "माजी झाल्याय." आणि खिशातनं पान काढून खाऊ लागले, उगाच, दुसरीकडे बघत.

मामंजींनी बाही वर केली. हार नाही, टाळ्या नाहीत, मांडव नाही. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पण नदीच्या झऱ्याचं पाणी प्यायलात?" आणि माझ्याही डाव्या दंडात ती सुई घातली. सुई कसली, घोंगडी शिवायचा दाभण तो!

घरी येताना मामंजींनी बाही खाली केलीच नाही. आळीच्या मधोमध उभे राहिले, दंड सगळ्यांना दिसेल असे, आणि पलटणीतला आवाज काढला, "उद्या सकाळी ह्या आळीत एक सुदिक दंड कोरा दिसता कामा न्हाई!"

सकाळी सगळी आळी चावडीपुढं उभी. पण पालिका ती पालिकाच. औषध संपलेलं! साताऱ्याहून यायचं होतं. दंड तयार, आणि बाटली नाही. साहेब फोनवर ओरडत होते, "हॅलो, सातारा! हॅलो!" आणि पलीकडून बहुधा म्हसवड बोलत होतं. ते मधले दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आता आळीत कुणाचं काही झालं तर कुणाला बोल लावायचा? मी रोज शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायची. तिसरीच्या वर्गाच्या खिडकीतून सलाईनची बाटली टांगलेली दिसायची, बाकांची एकावर एक रचलेली चळत दिसायची. हौसा दिसायची नाही. नर्सबाई लांबून हात हलवायच्या. त्या हात हलवण्याचा अर्थ 'आहे' की 'जा', हे काही केल्या कळत नसे. मी घरी येऊन पुन्हा पोटाचा आवाज ऐकत बसायची.

पुढं कितीतरी वर्षांनी माझा एक डॉक्टर झालेला पुतण्या म्हणाला, "काकू, ती जुनी सुई तशी अर्धीमुर्धीच चालायची. चार-सहा महिने, तेही सगळ्यांना नाही. तुम्हाला खरं वाचवलं ते विहिरीतल्या पावडरनं आणि बुजवलेल्या झऱ्यांनी."  म्हणजे ज्या साहेबांनी मांडव न घालता झरे बुजवले, ज्यांना आम्ही पाण्याची चव बिघडवली म्हणून शिव्या दिल्या, त्यांनी आम्हाला वाचवलं. आणि ज्या सुईसाठी दोन आळ्या मान मोडेपर्यंत भांडल्या, ती अर्धीमुर्धी! पण मला वाटतं, सुई घेतल्यावर माणसं दारं उघडायला लागली. शेजाऱ्याच्या घरात डोकवायला लागली. पावडर विहिरीत पडते, ती दारं उघडत नाही. पुतण्याला हे मी सांगितलं नाही. डॉक्टर माणसाला असलं काही सांगून उपयोग नसतो.

औषध आलं. साहेब एव्हाना शहाणे झाले होते. त्यांनी नारळाचं नाव काढलं नाही, आणि पहिला कोण हा प्रश्न उपटू नये म्हणून दोन टेबलांवर दोन सुया एकाच वेळी सुरू केल्या. दुपारपर्यंत आळी टोचून झाली. मामंजी मिशीला पीळ देत फिरत होते.

आणि दुसऱ्या दिवशी सगळी आळी आडवी झाली.

दंड सुजून उशीएवढे. अंगात ताप. डोकी ठणकतायत. नर्सबाईंनी सांगितलं होतं, सुईनं ताप येईल म्हणून. पण ताप अंगात असताना असलं कुणाला आठवतं! घराघरांतून कण्हणं ऐकू येऊ लागलं. आमची पहिली सुई होऊन आठवडा गेला होता, म्हणून मामंजींना दुसरा डोस टोचला होता आणि ते बाजेवर तळमळत होते. मलाही दुसरा डोस. अंग फणफणलेलं, आणि पोटात खरंच कळ येतेय की वाटतेय, हे कळेना. आत्याबाई भिंतीला धरून बसल्या होत्या. "सुईचं हाय का त्येचं हाय?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "सांगा की कुनीतरी. सुईचं हाय का त्येचं?" सांगणार कोण? चूल विझलेली. उकळलेलं पाणी संपलेलं. गार पाणी प्यायची छाती कुणाची होईना. मी पडल्या पडल्या ऐकत होते, आणि मला वाटलं, संपली ही आळी.

दार वाजलं. हौसा उभी होती.

तिला त्या सकाळी शाळेतून सोडलं होतं. हातात पालिकेनं दिलेला तांबडा साबण. अंगावरचं लुगडं दोनदा गुंडाळलेलं, इतकी वाळली होती. कोपऱ्यातल्या बालदीशी जाऊन तिनं आधी कोपरापर्यंत हात धुतले, नर्सबाईंनी शिकवलं तसे, सावकाश. मग चूल पेटवली, पाणी चढवलं. पाणी खळाखळा उकळेपर्यंत ती तिथंच बसून राहिली. वरच्या आळीत त्या दिवशी उभं असलेलं माणूस एकच होतं, आणि ते पटकीतून उठून आलेलं होतं.

मामंजी जोरात कण्हले, "आई गं! मेलो, मेलो!"

हौसा आजवर मामंजींसमोर कधी पदर न ओढता उभी राहिली नव्हती, बोलणं तर दूरच. ती त्यांच्या बाजेशी आली. वाकून त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग त्यांच्या हाताची बोटं उलटून पाहिली. 

"आवं मामंजी," ती म्हणाली, "हे त्ये न्हवं. त्ये आलं की कन्हाया बी येत न्हाई. घशातनं आवाजच निगत न्हाई बगा. तुमी तर वाड्याचं पत्रं हालवाय लागलाय. सुईचंच हाय हे."

मामंजी गप्प झाले. घर गप्प झालं. भिंतीपलीकडच्या घरातलं कण्हणंही थांबलं, कारण भिंती पातळ होत्या आणि सगळी आळी कान देऊन होती. 

मग मामंजींनी छातीत हवा भरून घेतली आणि खात्री करून घेण्यासाठी पुन्हा एकदा कण्हले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. पलीकडच्या घरातून कुणीतरी कण्हलं. मग त्याच्या पलीकडून. मग समोरून. आणि बघता बघता सगळी आळी, सुना, सासवा, सासरे, आपापल्या घशाची परीक्षा घेत, जिवाच्या आकांतानं, बिनघोर कण्हायला लागली.